चावी आणि पट्टी

गेल्या लग्नसराईत एका विवाह-मिस्सेची पुस्तिका आमच्या हाती आली. गुळगुळीत कागद, वधूवरांची नावे आणि मुखपृष्ठावर सोनेरी शाईत छापलेला एक मोठा ट्रेबल क्लेफ. आत बारा गीते होती. सर्वांचे केवळ शब्द. स्वरलेखनाची एक ओळही कोठे नव्हती. इतकेच काय, त्या चिन्हाच्या पोटातले वेटोळे ज्या रेघेभोवती फिरायचे ती रेघदेखील मुखपृष्ठावर नव्हती. चित्रकाराला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याने शोभेची वस्तू मागितली तशी दिली. परंतु कुलूपच नसलेली चावी दाराच्या चौकटीला टांगून ठेवावी तसा तो प्रकार आम्हांस वाटला. आमच्या गायकवृंदांच्या फलकांवर, स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर, मुलांच्या टी-शर्टांवर हे चिन्ह जितके दिसते तितके ते वाचले मात्र जात नाही. आणि ते न वाचल्याची किंमत आपण दर रविवारी मिस्सेत भरत असतो, असे आमचे मत होत गेले आहे. ते मत येथे मांडावयाचे आहे.

'चावी' हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरला नाही. लॅटिन भाषेत किल्लीला 'क्लाविस' म्हणतात. फ्रेंचांनी त्याचा 'क्लेफ' केला आणि तो इंग्रजीने उचलला. त्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजांचा किल्लीवाचक शब्द झाला आणि त्यांच्याकडून तो आपल्या मराठीत 'चावी' होऊन आला. म्हणजे फडताळाची चावी मागणारी वसईची किंवा गोव्याची आजी आणि क्लेफ शिकविणारा संगीतशिक्षक हे एकच शब्द उच्चारीत असतात; दोघांनाही त्याचा पत्ता नसतो एवढेच.

ही चावी उघडते काय? कागदावर चार किंवा पाच आडव्या रेघा ओढल्या आणि त्यांवर टिंबे मांडली, तर सूर कोठे चढतो आणि कोठे उतरतो एवढे डोळ्यांना कळते. पण किती चढतो हे कळत नाही. आपल्या शुद्ध सप्तकाचेच उदाहरण घ्या. सा आणि रे यांत एक पूर्ण अंतर आहे, रे आणि ग यांतही आहे. परंतु ग वरून म वर जाताना ते अंतर अर्धेच असते आणि नी वरून वरच्या सा वर जातानाही अर्धेच. स्वरांचा जिना असा विषम पायऱ्यांचा आहे. अंधारात तो चढणाऱ्या माणसाला कोणती पायरी बुटकी आहे हे आधी सांगितले नाही तर त्याचा पाय हमखास अडखळतो. क्लेफ हे सांगतो. तो एका रेघेला नाव देतो, आणि एका रेघेचे नाव कळले की तिच्या वरच्या-खालच्या सर्व रेघांची आणि मोकळ्या जागांची नावे आपोआप कळतात, बुटक्या पायऱ्या कोठे आहेत तेही कळते.

हे ज्याने प्रथम नीट हेरले तो अकराव्या शतकातील एक बेनेडिक्टाईन संन्यासी होता. आरेझ्झोचा गीदो. त्याच्या आधी मठांतील गायनग्रंथांत शब्दांच्या डोक्यावर नुसती वळणावळणाची चिन्हे काढलेली असत, 'न्यूम' या नावाची. दहाव्या शतकातील सांक्ट गॅलेनच्या मठातील हस्तलिखिते आजही उपलब्ध आहेत आणि त्यांतील चिन्हांचे सौंदर्य पाहत राहावे असे आहे. गायकाने हात कसा हलवावा, कोठे थांबावे, कोठे हलके व्हावे हे सर्व त्यांत आहे. नाही ते एवढेच, की स्वर कोणता. तो स्वर गुरुमुखातून आलेला असे. ज्याला गीत आधीच ठाऊक आहे त्यालाच ती चिन्हे वाचता येत. गुरू गेला आणि शिष्याला विसर पडला, की पान मुके झाले.

गीदोने रेघा एकमेकींपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर ओढल्या, म्हणजे रेघेवर एक स्वर आणि मधल्या जागेत एक. त्याच्या आधीही कोणी कोणी रेघांचा प्रयोग केला होता, तेव्हा सारेच श्रेय त्याला देणे बरोबर होणार नाही. परंतु त्याची खरी प्रतिभा पुढच्या गोष्टीत आहे. त्याने दोन रेघा निवडल्या. एकीला पिवळा रंग दिला आणि आरंभी 'सी' हे अक्षर लिहिले. दुसरीला तांबडा रंग दिला आणि 'एफ' लिहिले. आपल्या ओळखीच्या नावांनी बोलायचे तर एक 'दो'ची रेघ, एक 'फा'ची. सातांपैकी हेच दोन का? कारण ज्यांच्या लगेच खाली अर्धे अंतर असते असे स्वर हे दोनच. दो च्या खाली नी, फा च्या खाली मी. घरात नवख्या पाहुण्याला आपण सगळ्या पायऱ्यांची मापे सांगत बसत नाही. 'येथे जपा' आणि 'येथे जपा' एवढे दोन ठिकाणी सांगतो. गीदोने तेच केले.

या पद्धतीने काय साधले ते त्याने स्वतःच आपल्या मिखाएल नावाच्या संन्यासी मित्राला लिहिलेल्या पत्रात सांगून ठेवले आहे. पूर्वी दहा वर्षे घोकूनही गायक कच्चाच राहत असे, तो आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत तयार होतो, असा त्याचा दावा होता. पोप योहान एकोणिसावे (१०२४–१०३२) यांनी त्याला रोमला बोलावून घेतले, त्याचा ग्रंथ उलगडून पाहिला आणि पूर्वी कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः वाचून गायिली, तेव्हा त्यांची खात्री पटली. त्याच पत्रात संत योहान बाप्तिस्ताच्या स्तोत्रातील चरणांच्या आद्याक्षरांवरून ऊत-रे-मी-फा-सोल-ला ही नावे शिकविण्याची युक्तीही आहे. 'ऊत'चा 'दो' पुष्कळ पुढे झाला. एक गोष्ट मात्र आम्हांस नेहमी मौजेची आणि थोडी दुःखाची वाटते. ज्या पोम्पोझा मठात गीदोने ही पद्धत आरंभिली तेथील बंधूंना ती रुचली नाही, आणि त्याला तेथून निघून आरेझ्झोच्या बिशपांचा आश्रय घ्यावा लागला. धर्मगुरूंच्या मेळाव्यात नवी गोष्ट मांडलेल्या कोणाही वाचकाला यात नवल वाटणार नाही.

पुढे रंग गेले, अक्षरे राहिली, आणि लेखनिकांच्या हातून त्या अक्षरांची चित्रे झाली. सीचा कंस झाला. एफचे दोन आडवे फटकारे सुटून त्यांची दोन टिंबे झाली. बेस क्लेफमधील ती टिंबे आजही फा च्या रेघेला वर-खाली धरून उभी आहेत. आणि तिसरे अक्षर जी, म्हणजे सोल, त्याची शेपटी वाढत वाढत आजचा डौलदार ट्रेबल क्लेफ झाला. लग्नपुस्तिकेवरचा तो हाच. पाच रेघांच्या स्टाफवर हे तिन्ही क्लेफ वर-खाली सरकत असत, आणि तेही विचाराने: ज्या आवाजासाठी लिहायचे त्याचा पल्ला रेघांच्या आतच मावावा, वर-खाली जादा रेघा ओढाव्या लागू नयेत म्हणून. मोझार्टने १७९१ साली आपला अपूर्ण राहिलेला 'रेक्विएम' लिहिला तेव्हा सोप्रानो, आल्टो आणि टेनर या तीन आवाजांसाठी त्याने दो-क्लेफ तीन निरनिराळ्या रेघांवर ठेवला. आज गायकवृंदांच्या छापील प्रतींत हे गेले. टेनरसुद्धा ट्रेबल क्लेफमध्येच वाचतो, खाली एक बारीक आठ आकडा असतो, म्हणजे सप्तक खालचे समजावे. सोय झाली हे खरे. आम्ही त्याबद्दल अश्रू ढाळणार नाही. व्हायोला वाजविणारे अजून दो-क्लेफ वाचतात, आणि त्यांच्यावरून वाद्यवृंदात विनोद चालतात.

आमचा मुद्दा या इतिहासातील दुसऱ्या एका फाट्याशी आहे. ख्रिस्तसभेने ग्रेगोरियन गायनाच्या ग्रंथांत चार रेघा, चौकोनी टिंबे आणि गीदोच्या त्याच दोन चाव्या आजतागायत जपल्या. संत दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयीचे आपले पत्र काढले, त्यानंतर १९०८ साली व्हॅटिकनची 'ग्रादुआले' प्रसिद्ध झाली. ती या लिपीत आहे. सोलेमच्या मठवासीयांनी परिषदेनंतर १९७४ साली नव्याने सिद्ध केलेली 'ग्रादुआले'देखील याच लिपीत आहे. हा जुनाटपणाचा हट्ट नव्हे. कारण या लिपीतील दो-क्लेफ आणि पियानोच्या पुस्तकातील क्लेफ यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो आम्हांस कळला तो फजिती होऊन.

१९९०च्या सुमारास आम्ही सेमिनरीत शिकत होतो. नाताळच्या दिवसाच्या मिस्सेचे प्रवेशगीत लॅटिनमधून गावयाचे ठरले. ते सातव्या स्वरप्रकारातले, आरंभीच सोल वरून वरच्या रे वर झेप घेणारे. पेटी आमच्याकडे होती. पुस्तकात दोची चावी पाहून आम्ही आमच्या बुद्धीप्रमाणे पांढरी एक दाबली आणि तोच 'दो' समजून सूर दिला. पहिली झेप कशीबशी पार पडली. पुढे गीत वरच वर रेंगाळू लागले, तशी खालच्या आवाजाची मुले एकेक करून गप्प झाली आणि शेवटी तिघे-चौघे मानेच्या शिरा ताणून गात राहिलो. आमच्या संगीताच्या फादरांनी हात वर करून थांबविले. ते रागावले नाहीत. ओळीतल्या सर्वांत जाड आवाजाच्या मुलाला त्यांनी आपल्या सोयीचा एक वरचा सूर काढायला सांगितला, तो गीताचा सर्वांत उंच स्वर मानून मनातल्या मनात खाली उतरले, आणि पेटीला हात न लावता आरंभीचा सोल आम्हांस गुणगुणून दिला. या खेपेस सर्वजण गायिले. पुस्तकातले टिंब हलले नव्हते, चावी हलली नव्हती. पट्टी मात्र बदलली होती.

म्हणजे दोची ही चावी पट्टी सांगतच नाही. ती फक्त नाते सांगते. पियानोवरचा क्लेफ एका ठरलेल्या कंपनसंख्येकडे बोट दाखवितो. आज आंतरराष्ट्रीय मानकानुसार 'ला' सेकंदाला ४४० कंपनांचा असतो आणि बाकीचे त्याच्यामागून येतात. ग्रेगोरियन गायनातला दो असा कोठे बांधलेला नाही. तो गाणाऱ्यांच्या गळ्याकडे पाहून ठेवावयाचा असतो.

आमच्या वाचकांना हे परके वाटू नये. आपल्या संगीतात 'सा'ची हीच रीत आहे. पुरुष काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये, आणि राग तोच राहतो. पंडित भातखंडे आणि पंडित पलुस्कर या दोघांच्याही स्वरलिपींत क्लेफ नाही. लागतच नाही, कारण सा कोठे धरायचा हे गाणाऱ्याने ठरवायचे. यावरून 'दो म्हणजे आपला सा' असे समीकरण पुष्कळदा मांडले जाते, आणि आमच्या एका प्रशिक्षण शिबिरात ते फळ्यावर लिहिलेलेही आम्ही पाहिले आहे. ते अर्धेच खरे आहे, आणि अर्धे खरे फार दिवस टिकते म्हणून त्याचा निवाडा करणे भाग आहे.

सा हे घर आहे. तंबोरा तोच धरून बसतो आणि गाणे फिरून फिरून तेथे येते. दो हे घर असेलच असे नाही. पहिल्या स्वरप्रकारातील गीत 'रे'वर विसावते, तिसऱ्यातले 'मी'वर, पाचव्यातले 'फा'वर, सातव्यातले 'सोल'वर. आता गंमत पाहा. त्या त्या विसाव्याच्या स्वराला सा मानून चढत गेलो तर पहिल्यातून काफी थाटाचे स्वर मिळतात, तिसऱ्यातून भैरवीचे, पाचव्यातून कल्याणाचे आणि सातव्यातून खमाजाचे. (स्वर मिळतात एवढेच आम्ही म्हणतो, राग मिळतो असे नाही. रागाला चलन असते, ते निराळे.) भातखंडे लिपीत हे लिहायचे तर काफीला ग आणि नी यांखाली रेघा हव्यात, भैरवीला चार स्वरांखाली हव्यात, कल्याणात म च्या डोक्यावर उभी रेघ हवी. ग्रेगोरियन लिपीत यांपैकी काहीही लागत नाही. नी कोमल करण्याचे एक चिन्ह अधूनमधून येते, तेवढेच. बाकी सारे काम चावी करते: बुटक्या पायऱ्या कोठे आहेत ते तिने एकदा सांगितले, आता तुमचे घर कोणत्या मजल्यावर आहे ते गीत सांगेल. चावी देव्हाऱ्यात नसते, दाराशी असते. सा आणि दो यांतला भेद आम्ही असा समजून घेतला आहे.

या दृष्टीने पाहिले असता अलीकडच्या एका प्रथेवर टीका करणे प्राप्त आहे. २०११ साली इंग्रजी भाषिक जगात रूढ झालेल्या नव्या मिस्सा-ग्रंथात सेलिब्रंटने गावयाची संवादवाक्ये, प्रस्तावना आणि प्रभूची प्रार्थना यांचे स्वर छापलेले आहेत. ही मोठीच गोष्ट. धर्मगुरूने गावे अशी अपेक्षा ग्रंथानेच व्यक्त केली. परंतु ते स्वर पाच रेघांवर, ट्रेबल क्लेफमध्ये, शेपट्या नसलेल्या गोल टिंबांनी मांडले आहेत. युक्तिवाद समजण्यासारखा आहे: चार रेघा आज कोण वाचतो? गिटारच्या वर्गाला गेलेला मुलगादेखील ट्रेबल क्लेफ ओळखतो. आम्हीही हे पुस्तक वापरतो, आणि ज्याने छापले त्याच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण झाले काय? ट्रेबल क्लेफ पाहिला की हात कीबोर्डकडे जातो. कीबोर्डवर जो सूर निघतो तोच 'बरोबर' असे वाटू लागते, आणि सत्तरीतला धर्मगुरू विशीतल्या वादकाच्या सुरामागे धापा टाकीत जातो. छापणाऱ्यांनी ही पट्टी बंधनकारक म्हटलेली नाही. पण चिन्हाला स्वतःची एक बोली असते, आणि ट्रेबल क्लेफची बोली 'ही पट्टी' अशी आहे. दो-क्लेफची बोली 'हे नाते' अशी होती. भाषांतर शुद्ध झाले, सूर मात्र बदलला, असे आपण एखाद्या अनुवादित कवितेविषयी म्हणतो तसेच हे आहे.

आता आमच्या धर्मग्रामाविषयी. सकाळच्या मुख्य मिस्सेत प्रवेशगीत सुरू झाले, की मागच्या बाकांवरील पुरुष मंडळी पहिल्या कडव्यानंतर गप्प होतात, हे आम्ही वेदीवरून कित्येक वर्षे पाहत आलो. आम्ही ते श्रद्धेच्या थंडपणाचे लक्षण समजत होतो. त्यावर एकदा प्रवचनही केले, हे कबूल केले पाहिजे. नंतर ध्यानात आले, की गीत एका गायिकेच्या ध्वनिमुद्रणावरून बसविलेले होते आणि तिच्याच पट्टीत वाजत होते. त्या पट्टीत बाप्यांना वर जाता येईना आणि सप्तक उतरून खाली गावे तर घशातून आवाज निघेना. गप्प बसणे हाच सभ्य मार्ग होता. आमच्या प्रवचनाने त्यांच्या घशावर कोणताच उपाय केला नाही.

कीबोर्ड वाजविणाऱ्या तरुणाशी बोललो. तो म्हणाला, "फादर, ट्रान्सपोजचे बटण आहे ना. सांगा, किती खाली घेऊ?" आम्ही क्षणभर निरुत्तर झालो, कारण गीदोची चावी जे करते तेच ते बटण करते, आणि त्या पोराला ते आमच्यापेक्षा अधिक सहज कळले होते. फक्त बटण दाबण्याआधी मागच्या बाकांना विचारायचे राहून गेले होते. ते विचारणे हे वादकाचे काम नव्हे, आमचे होते.

उपवासकाळात वाद्यांनी केवळ गायनाला आधार द्यावा असा नियमच आहे. त्याचा फायदा घेऊन आम्ही त्या वर्षी जयघोष आणि प्रतिसाद-स्तोत्रे वाद्याविना घेतली, पट्टी गायकाने ठरवायची. आणि पवित्र गुरुवारच्या मिरवणुकीसाठी 'पांजे लिंग्वा' मुलांना शिकवायला घेतले, चार रेघांवरून. यावर कोणी विचारील, की मराठी उपासनेत लॅटिन गीताचा आग्रह कशाला? द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात ११६व्या कलमात ग्रेगोरियन गायनाला अग्रमान दिला आहे, आणि ११९व्या कलमात त्या त्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही योग्य स्थान द्यावे असे म्हटले आहे. आमच्याकडे पहिल्या कलमाचे लोक आणि दुसऱ्या कलमाचे लोक एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. आम्हांस दोन्ही कलमे हवीत. आमच्या गावातले एक वृद्ध गृहस्थ, आयुष्यभर भजनाला पेटीची साथ केलेले, मुलांची तालीम ऐकत ओसरीवर बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी ओढून घेतली, शेवटच्या स्वराला सा धरला आणि म्हणाले, "फादर, हे तर भैरवीचे सूर." गीत तिसऱ्या स्वरप्रकारातले होते.

त्याच तालमीत एका अकरा वर्षांच्या मुलीने विचारले, "फादर, ही चावी दुसऱ्या रेघेवर ठेवली तर?" आम्ही फळ्यावरचा दो पुसला आणि एक रेघ खाली काढला, टिंबे होती तेथेच राहू दिली. मुलांनी चाचपडत वाचायला सुरुवात केली. ओळखीची चाल मधल्या एका पायरीवर एकाएकी वाकडी गेली आणि सारा वर्ग हसू लागला. मग त्यांनी ती वाकडी चाल शेवटपर्यंत गायिली, आणि पुन्हा एकदा गाऊ का म्हणून विचारले.